ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला? नवा सेन्सर घेण्याआधी हे तपासा

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून बाबांचा फोन आला. ‘‘गाडीत पिवळा दिवा लागलाय. गॅरेजवाला म्हणतो, ऑक्सिजन सेन्सर गेला.’’ गाडी सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. स्कॅनरवर कोड होता पी०१३५. साडेपाच हजार रुपये मोजून सेन्सर बदलला, दिवा विझला. चौथ्या दिवशी तो पुन्हा लागला.

शेवटी ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावला आणि वीस मिनिटांत निदान केलं. सेन्सरच्या हीटरपर्यंत वीजच पोहोचत नव्हती. बॉनेटखालची वायर उंदराने कुरतडली होती. जोडणीचे त्याने दोनशे रुपये घेतले. जुना सेन्सर बाबांनी मागून घेतला होता. त्याचा हीटरही मोजून पाहिला, तर ठणठणीत.

मी मेकॅनिकलचा इंजिनिअर. फोनवर मीही ‘टाका बदलून’ असंच म्हणालो होतो.

हा सेन्सर करतो काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय, हे तो मोजतो. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल कमी-जास्त करतो. शुद्ध पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचं आदर्श प्रमाण वजनाने १४.७ ला १ असं असतं. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बॉशचा असा सेन्सर पहिल्यांदा आला. आज प्रत्येक पेट्रोल कारमध्ये साधारणपणे दोन असतात, एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, दुसरा नंतर.

नेहमीच्या झिर्कोनिया सेन्सरचा सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान असतो. ऑक्सिजन जास्त, म्हणजे मिश्रण ‘लीन’, तर व्होल्टेज कमी. पेट्रोल जास्त, म्हणजे ‘रिच’, तर व्होल्टेज जास्त. मात्र तो ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. बाबांच्या गाडीतला कोड या हीटरच्या सर्किटचा होता.

कोड आला म्हणजे सेन्सर गेला?

नाही. गडबड तिथेच होते. ‘हीटरच्या सर्किटमध्ये दोष’ याचा अर्थ फ्यूज, वायर, कनेक्टर, हीटर किंवा ईसीयू यांपैकी काहीतरी बिघडलंय, एवढाच. कोड गल्ली दाखवतो, घर आपल्याला शोधावं लागतं.

पहिल्या सेन्सरचे कोड साधारण पी०१३० ते पी०१३५, दुसऱ्याचे पी०१३६ ते पी०१४१. कोडसोबत ‘बँक १’ असं दिसलं तर गोंधळू नका. व्ही आकाराच्या इंजिनाला दोन बँक असतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची तीन किंवा चार सिलिंडरची इंजिनं एका रांगेतली असतात, त्यामुळे बँक एकच.

पी०१३५ असेल तर आधी फ्यूज बघा. मग इंजिन पूर्ण थंड असताना (एक्झॉस्टजवळ हात भाजायला वेळ लागत नाही) सेन्सरचा कनेक्टर काढून हीटरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. तो काही ओहमच्या घरात यायला हवा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. मल्टिमीटर ‘ओपन’ दाखवत असेल तर हीटर जळालाय, सेन्सर बदला. रेझिस्टन्स बरोबर असेल तर इग्निशन ऑन करून (काही गाड्यांत इंजिन सुरू करून) वायरिंगच्या बाजूला १२ व्होल्ट येतात का, ते पाहा. नसतील तर वायर शोधत मागे जा. पावसाळ्यात बाहेर उभ्या गाडीत उंदीर हा पहिला संशयित.

‘लीन’चा कोड जास्त फसवा

पी०१३१ म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज कमी, पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन. अशा वेळी सेन्सर खरंच सांगत असण्याची शक्यता मोठी. इनटेकचा रबरी पाइप चिरला की इंजिनात न मोजलेली हवा शिरते. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचं गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण ठीक असूनही सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो.

इथे काही शे रुपयांत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि मोबाइल अॅप कामी येतं. ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ हा आकडा पाहा. तो सतत अधिक १० टक्क्यांच्या वर असेल तर ईसीयू जादा पेट्रोल देऊन तूट भरून काढतोय. आयडलिंगला ट्रिम जास्त आणि अडीच हजार आरपीएमला कमी होत असेल, तर हवेची गळती शोधा. उलट लोड वाढल्यावर ट्रिम वाढत असेल, तर फ्युएल पंप किंवा फिल्टरकडे बघा.

एक भर. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा कमी लागते, आदर्श प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम काही टक्के वर दिसू शकते. त्यात सेन्सरचा दोष नाही.

सेन्सर जिवंत आहे का, हे लाइव्ह डेटात कळतं. गरम इंजिनावर पहिल्या सेन्सरचा आकडा सतत वर-खाली व्हायला हवा आणि अॅक्सिलरेटर झटक्यात दाबला की ०.८ व्होल्टच्या आसपास उडी मारायला हवी. तो हळूहळू सरकत असेल (पी०१३३) आणि गाडी लाख-दीड लाख किलोमीटर चालली असेल, तर सेन्सर म्हातारा झालाय असं म्हणायला हरकत नाही. हा नियम वाइडबँड सेन्सरला लागू होत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत पहिला सेन्सर वाइडबँड असतो, ते आधी विचारा. दुसऱ्या सेन्सरचा आकडा मात्र स्थिर हवा. तोही पहिल्यासारखा नाचत असेल आणि पी०४२० आला असेल, तर संशय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर.

दिवा लागल्यावर गाडी चालवावी का?

दिवा स्थिर असेल तर गॅरेजपर्यंत बिनधास्त जा. मायलेज घटेल आणि पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वाढू शकतो. पण महिनोन् महिने दुर्लक्ष नको. मिश्रण रिच राहिलं तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळू शकतो आणि त्याच्या किमतीत असे कितीतरी सेन्सर येतील. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय. वेग कमी करा, सुरक्षित जागी गाडी थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा.

गॅरेजमध्ये कोड पुसण्याआधी त्याचा आणि ‘फ्रीझ फ्रेम’ डेटाचा फोटो काढून घ्या. कोड पुसला की दोष आला त्या क्षणाचा वेग, तापमान, आरपीएम ही नोंदही जाते. सेन्सर बदलायचाच म्हणत असतील तर हीटरचा रेझिस्टन्स किती आला, वायरिंगला १२ व्होल्ट मिळाले का, एवढे दोन प्रश्न विचारा. आणि काढलेला पार्ट मागून घ्या. बाबांचा जुना सेन्सर आता डिकीतल्या पान्यांच्या पिशवीत स्पेअर म्हणून पडून आहे.