बाळंतिणीच्या मनाची विचारपूस कोण करणार?

बाळ जन्मले की घरात सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे जाते. वजन किती, दूध पुरते का, नाव काय ठेवायचे, हीच चर्चा. बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, शेक-शेगडी मिळते. पण "तुला कसं वाटतंय?" हे तिला फार कमी घरांत विचारले जाते. ती गप्प राहू लागली, कारण नसताना रडू लागली, की कोणी म्हणते नाटक करते, कोणी म्हणते बाहेरची बाधा झाली. मग अंगारे-धुपारे सुरू होतात आणि आजार तसाच वाढत राहतो.

होय, हा आजारच आहे. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस मन हळवे होणे, रडू येणे स्वाभाविक आहे. ते साधारण दोन आठवड्यांत निवळते. त्यानंतरही उदासी, झोप न लागणे, कशातच रस न वाटणे, बाळाविषयी ओढ न वाटणे, "मी वाईट आई आहे" असे सतत वाटणे सुरू राहिले, तर ते नैराश्य असू शकते. ते गरोदरपणातही येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार विकसनशील देशांत सुमारे १५.६ टक्के गरोदर महिलांना आणि १९.८ टक्के बाळंतिणींना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, जडते. म्हणजे जवळपास दर पाचवी बाळंतीण.

इतके मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? या प्रश्नाचे एक उत्तर पाकिस्तानातील रावळपिंडी जिल्ह्याच्या खेड्यांत सापडले. तिथे 'लेडी हेल्थ वर्कर' म्हणजे आपल्याकडील आशा ताईंसारख्या आरोग्य सेविका घरोघरी जातात. डॉ. अतीफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना समुपदेशनाचे अवघे दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले, पुढे एक दिवसाची उजळणी आणि दरमहा मार्गदर्शन. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचे होईपर्यंत १६ भेटी ठरल्या. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीला सर्वच महिला नैराश्यग्रस्त होत्या. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा समुपदेशन मिळालेल्या महिलांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. ज्यांच्या घरी फक्त नेहमीच्या भेटी झाल्या, त्यांच्यात हे प्रमाण ५३ टक्के होते. बाळांची वजन-उंची मात्र फारशी वेगळी नव्हती. पण समुपदेशन मिळालेल्या घरांतील बाळांना जुलाब कमी झाले आणि त्यांचे लसीकरण जास्त झाले.

या भेटीत काय होते? आधी सेविका ऐकून घेते. मग मनाला पोखरणारा विचार ओळखायला मदत करते. उदाहरणार्थ, बाळ रडले की आईला वाटते, "माझंच काहीतरी चुकतंय." असे वाटले की ती बाळाला जवळ घेणेच टाळते, आणि अपराधीपणा आणखी वाढतो. सेविका चित्रे दाखवून विचारते: बाळ रडण्याची दुसरी कारणे असू शकतात का? भूक, झोप, पोटदुखी? शेवटी पुढच्या भेटीपर्यंत एक छोटे काम ठरते: रोज थोडा वेळ बाळाशी बोलायचे, स्वतः वेळेवर जेवायचे, एका जवळच्या व्यक्तीशी मन मोकळे करायचे. सासू आणि नवऱ्यालाही सामील करून घेतात. बोलणे बाळाच्या आरोग्यापासून सुरू होत असल्याने घरातून विरोध कमी होतो.

हीच पद्धत गोव्यात 'संगाथ' संस्थेने वापरून पाहिली. तिथे समुपदेशन करणाऱ्या 'सखी' होत्या, म्हणजे त्याच भागातील सामान्य स्त्रिया. २८० गरोदर महिलांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी सखींची साथ मिळालेल्या ७३ टक्के महिला नैराश्यातून बाहेर आल्या होत्या; इतरांत हे प्रमाण ६१ टक्के होते. फरक रावळपिंडीइतका मोठा नाही, पण साथ उपयोगी पडते एवढे नक्की.

आपल्याकडे आशा ताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात. म्हणजे दार आधीच उघडलेले आहे. पण त्यांच्या डोक्यावर कामाचा डोंगर आहे. प्रशिक्षण, वेळ आणि योग्य मोबदला न देता आणखी एक जबाबदारी टाकली, तर ती कागदावरच राहील. ही मागणी आपण ग्रामसभेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लावून धरली पाहिजे.

समुपदेशनाला मर्यादाही आहेत. आई मरणाची भाषा करत असेल, बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर तिला एकटे सोडू नका, तातडीने दवाखान्यात न्या. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

आपल्या घरात, वस्तीत कोणी बाळंतीण असेल तर बाळाला पाहायला जाल तेव्हा दोन मिनिटे तिच्याजवळही बसा. तिला विचारा, आणि ती बोलू लागली की मध्ये उपदेश न करता ऐका.