पातं लागलं की बाण का सरकतो?

दोरी, दांडी, नेम : भाग 6

गेल्या आठवड्यात बाणाच्या दांडीचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, कसा मोजतात ते पाहिलं. 28 इंचांवर दोन टेकू, मधोमध 880 ग्रॅमचं वजन. दांडी अर्धा इंच वाकली तर स्पाइन 500. या हिशेबाची खरी परीक्षा होते ती अमेरिकेत, शिकारीच्या हंगामाच्या तोंडावर. मिशिगनमध्ये धनुष्यानं हरणाची शिकार करण्याचा हंगाम 1 ऑक्टोबरला उघडतो. उन्हाळाभर फील्ड पॉइंटवर, म्हणजे सरावाच्या साध्या टोकावर, हात बसवलेला शिकारी त्याआधी त्याच बाणांना ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं पात्यांचं टोक, चढवून बघतो. वीस यार्डांवर सगळं ठीक वाटतं. चाळीसवर मात्र बाण वीतभर डावीकडे लागतो.

वजनात तर काहीच बदल नसतो. फील्ड पॉइंट 100 ग्रेनचा असतो आणि ब्रॉडहेडही 100 ग्रेनचं, म्हणजे दोन्ही साडेसहा ग्रॅमच्या आसपास. फरक आकाराचा आहे. फील्ड पॉइंट जवळपास दांडीच्याच जाडीचा, निमुळता. ब्रॉडहेडला धारदार पाती असतात आणि कोलोरॅडोत तर कायद्यानंच त्याची रुंदी किमान 7/8 इंच, म्हणजे 22 मिलिमीटर असावी लागते. हवेत ही पाती पंखांचं काम करतात. बाणाची मागची पिसं (हल्ली प्लॅस्टिकची, त्यांना वेन म्हणतात) त्याला सरळ करू पाहतात, तर पुढची पाती टोक वळलेलं असेल त्या दिशेला बाण ओढून नेतात. धनुष्यातून सुटताना बाणाचं टोक किंचित डावीकडे आणि शेपूट उजवीकडे असेल, तर फील्ड पॉइंटच्या बाबतीत वेन थोड्याच अंतरात ती चूक सावरून घेतात आणि नेमबाजाला पत्ताही लागत नाही. ब्रॉडहेड ती चूक लक्ष्यापर्यंत घेऊन जातं.

अशा वेळी अनेक जण साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, सरकवून मोकळे होतात. ब्रॉडहेड मध्यावर लागायला लागतं, हेही खरं. पण बाण तिरकाच उडत असतो. आडवा वारा आला की तो जास्त भरकटतो, आणि जनावरावर आदळताना दांडीचा जोर सरळ टोकामागे न राहिल्यानं तो आत कमी शिरतो. घडी होणाऱ्या पात्यांची मेकॅनिकल ब्रॉडहेड वापरणं हीदेखील अशीच पळवाट. ती फील्ड पॉइंटच्या बरीच जवळ लागतात, कारण उडताना पाती मिटलेली असतात. धनुष्य मात्र होतं तसंच राहतं.

धनुष्याच्या स्क्रूला हात लावण्याआधी बाण तपासायचे. ब्रॉडहेड लावलेला बाण टोकावर उभा धरून भिंगरीसारखा फिरवायचा. दांडी आणि टोक जिथं जुळतात तिथं थरथर दिसली, तर पातं तिरकं बसलंय किंवा दांडीचं तोंड काटकोनात कापलेलं नाही. वेन रेस्टला, म्हणजे बाण ज्यावर टेकतो त्या आधाराला, घासत असतील, तर पायाला लावायच्या पावडरचा स्प्रे रेस्टवर मारून बाण सोडला की ओरखडा लगेच दिसतो. शिवाय ब्रॉडहेड आपापसात एका जागी पडायला हवीत. ती चार दिशांना पांगत असतील तर धनुष्य जुळवण्यात अर्थ नाही. बाणांमध्ये फरक आहे किंवा मुठीची पकड दर वेळी बदलतेय.

दोन्ही टोकांचे गट नीट पडू लागले की मग रेस्ट. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: ब्रॉडहेड जिकडे न्यायचं, तिकडे रेस्ट सरकवायचा. ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे पडत असेल तर रेस्ट उजवीकडे, खाली पडत असेल तर रेस्ट वर. आधी उभा फरक मिटवावा, मग आडवा. एका वेळी सरकवायचा तो 1/32 इंच, साधारण एटीएम कार्डाच्या जाडीइतका. चाळीस यार्डांवर एवढ्यानंही गट उठून दिसेल इतका हलतो. फील्ड पॉइंटही थोडा सरकतो, पण ब्रॉडहेड जास्त सरकतं, आणि दोघांमधलं अंतर कमी होत जातं. तोवर साइटला बोट लावायचं नाही. दोन्ही एकत्र आले की ती शेवटी एकदाच लावायची.

कधी कधी रेस्ट मध्यापासून फारच दूर जाऊ लागतो, तरी फरक मिटत नाही. तेव्हा दोष बहुधा कॅमचा. मिसूरीच्या होलेस विल्बर अ‍ॅलन यांनी 1966 साली पेटंटसाठी अर्ज केलेल्या कंपाउंड धनुष्यात दोरी कॅमवरून, म्हणजे टोकांच्या कप्प्यांवरून, फिरते, आणि ताणताना कॅम तिरका झाला की दोरीही बाजूला ओढली जाते. काही धनुष्यांत केबलच्या दोन फाट्यांपैकी एकाला पीळ देऊन तो तिरकेपणा काढतात. मॅथ्यूजच्या अनेक धनुष्यांत कॅमच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या बदलतात, तर बोटेकच्या डेडलॉक रचनेत स्क्रू फिरवला की कॅमच बाजूला सरकतो. फाटे पिळायचे किंवा चकत्या बदलायच्या तर धनुष्य दाबून धरणारा बो-प्रेस हवा. तो नसताना घरी खटाटोप करू नये. लिंब्समध्ये, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूंमध्ये, साठलेला ताण बोटं तोडू शकतो.

आपल्याकडे शिकारीवर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे हे सगळं महाराष्ट्रातल्या तिरंदाजांना परकं वाटेल. तसं ते नाही. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडचे विश्वविजेते झाले. ओजसनं अंतिम लढतीत 150 पैकी 150 गुण घेतले, म्हणजे 50 मीटरवर पंधराही बाण 8 सेंटिमीटरच्या वर्तुळात. लक्ष्यभेदाच्या खेळात धनुष्याची हीच चाचणी उलट्या बाजूनं घेतात. पुढे पाती जोडण्याऐवजी मागचे वेन काढून टाकतात आणि तो उघडा बाण वेनवाल्या बाणांच्या जवळ पडतो का ते बघतात. सावरणारं कुणी नसल्यानं इथंही सुटतानाचा तिरकेपणा लपत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. फोमच्या लक्ष्यात ब्रॉडहेड मारून मारून पाती बोथट होतात, आणि दोन बाण एकाच ठिकाणी मारले तर एकाचं पातं दुसऱ्याचे वेन कापतं. म्हणून लक्ष्यावर प्रत्येक बाणाला वेगळा ठिपका द्यायचा, आणि हंगामाआधी पाती नवी लावून बाण पुन्हा एकदा टोकावर फिरवून बघायचा.