अंगणातील अनोळखी किडे आणि अंगावरची खूण

पावसाळा ओसरू लागला की आमच्या तेल्हाऱ्याकडील घरांच्या सांदवाडीत गवत गुडघ्याच्या वर वाढते. कुटाराच्या ढिगाशेजारी, रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांखाली, न्हाणीच्या सांडपाण्याच्या कडेला नाना जीव वस्तीला येतात. काडेपेटीत एखादा किडा घालून "डॉक्टरसाहेब, हा विषारी तर नाही ना?" असे विचारणारे पालक मला दर पावसाळ्यात भेटतात. त्यांची काळजी रास्त असते, परंतु काडेपेटीतला किडा बहुधा निरपराध असतो.

यांना भिऊ नका

मृगाच्या पहिल्या सरींनंतर मातीवर फिरणारा मखमली लाल मृगाचा किडा माणसाला चावत नाही. भिंतीच्या आडोशाला, कोरड्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे इवले खड्डे दिसतात. त्यांच्या तळाशी दडलेली अळी घसरून पडणाऱ्या मुंग्यांची वाट पाहत असते. आपल्याशी तिचे काही देणेघेणे नाही. भिंतीवर मातीची सुबक घरटी बांधणारी कुंभारीणही आपण होऊन कोणावर धावून येत नाही. दाराच्या चौकटीवर मातीच्या वाकड्या रेषा दिसल्या तर ती वाळवी. तिचा धोका लाकडाला आहे, देहाला नाही.

दिव्याशी येणारा पाहुणा

रात्री दिव्याभोवती एक सडपातळ, नारिंगी-काळा, मुंगीसारखा दिसणारा किडा येतो. तोही चावत नाही, मात्र अंगावर चिरडला गेल्यास त्याच्या शरीरातील दाहक द्रव त्वचेला भाजून काढतो. एक-दोन दिवसांत लाल पट्टा उमटतो, त्यावर फोड येतात. कोणी म्हणते कोळी मुतला, कोणी म्हणते नागीण झाली. असा किडा अंगावर बसला तर तो चिरडू नये, फुंकर मारून उडवावा आणि ती जागा साबणाने धुवावी.

जो दिसतच नाही

आता खऱ्या काळजीचा विषय. मृगाच्या किड्याच्या दूरच्या गोत्रातील एक अष्टपाद जीव गवताळ, झुडपी जमिनीत राहतो. त्याच्या पिल्लाला चिगर म्हणतात. त्याचे आकारमान सुमारे ०.२ मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ अदृश्य. ते एरवी उंदीर-घुशींच्या अंगावर पोसते. गवतातून माणूस गेला तर त्यालाही चिकटते आणि त्यातल्या काहींच्या लाळेतून ओरिएन्शिया नावाचे जंतू देहात शिरतात. हाच स्क्रब टायफस. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर व परिसरात त्याने थैमान घातले, तेव्हा विदर्भातील अनेकांनी हे नाव प्रथम ऐकले. आजार मात्र जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवरील सैनिकांना त्याने जेरीस आणले होते.

चावा दुखत नाही, त्यामुळे तो कळतही नाही. साधारण सहा ते एकवीस दिवसांनी जोराचा ताप, असह्य डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते. उपचार लांबले तर फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदूवर परिणाम होऊन जिवावर बेतू शकते.

निंदणाला जाणाऱ्या एका ताईंवर मी तीन दिवस विषमज्वर समजून उपचार केले. ताप हटेना. अखेर आमच्या परिचारिकेने त्यांना पडद्याआड नेऊन नीट तपासले, तेव्हा परकराच्या नाडीखाली, कमरेवर, विडीच्या चटक्यासारखी काळी खपली आढळली. भोवती लाली होती, पण वेदना नव्हती, खाजही नव्हती. औषध बदलले आणि दोन दिवसांत ताप उतरला. ती खपली मी पहिल्याच दिवशी शोधायला हवी होती, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून तुम्हांला विनंती आहे. शेतात वा गवतात वावरलेल्या माणसाला ताप आला तर काखा, जांघा, कंबर, स्तनांखालची घडी, गुडघ्यांमागची बाजू व मान घरीच पाहा. लहान मुलांचे डोके आणि कानांमागची जागाही पाहा. खपली दिसल्यास ती खरवडू नका, तिच्यावर चुना लावू नका, संकोच न करता डॉक्टरांना दाखवा. खपली सर्वांनाच येत नाही, तेव्हा ती नसली तरी शेतात गेल्याचे आवर्जून सांगा. रक्ततपासणीने निदान होते. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध वेळेवर मिळाल्यास उत्तम गुण येतो. गर्भवतींसाठी औषधाची निवड वेगळी असते, म्हणून स्वतःहून गोळ्या घेऊ नयेत. पेनिसिलिनच्या जातीची नेहमीची औषधे येथे कामी येत नाहीत. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे रुग्णाला वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

सांदवाडीची शिस्त

घराभोवतीचे गवत कापून टाका. कुटार व पऱ्हाट्या घरापासून दूर रचा, म्हणजे उंदरांना आसरा मिळणार नाही. धुण्याचे कपडे गवतावर वा झुडपांवर वाळत घालू नका. लेकरांना उघड्या गवतावर बसवू नका. शेतात अंगभर कपडे घाला, आणि परत आल्यावर साबणाने आंघोळ करून ते कपडे गरम पाण्यात धुवा.

अंगणातला प्रत्येक किडा ओळखता यावा, अशी अपेक्षा नाही. घरातल्या माणसाच्या अंगावरची एक काळी खपली ओळखता आली, तरी पुष्कळ झाले.