सुट्टीसाठी सरोवर निवडताना

दीपावलीची सुट्टी जवळ आली की चिकित्सालयात नाडीपरीक्षा आटोपल्यावर रुग्ण एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, चार दिवस कुठे डोंगरात, तळ्याकाठी जाऊन यावे म्हणतो. कुठे जाऊ?" आम्ही पुष्कळ वर्षे या प्रश्नाकडे औपचारिक गप्पांचा भाग म्हणूनच पाहिले. "कुठेही जा, हवा बदलली की बरे वाटेल" हे आमचे ठरलेले उत्तर असे. औषधाची मात्रा सांगताना अनुपान, काल आणि अग्निबल पाहणारे आम्ही, देश सांगताना मात्र काहीच पाहत नव्हतो.

हे ध्यानात आले ते एका चुकीमुळे. तमकश्वासाच्या एका रुग्णाला आम्ही श्रावणात हवापालटाचा सल्ला दिला. स्थळ आम्हीच सुचविले होते: घाटमाथ्यावरील एक तलाव, सभोवती दाट झाडी, दिवसभर धुके. गृहस्थ सहकुटुंब गेले. दोन दिवस भिजक्या हवेत व ओलसर अंथरुणात काढल्यावर तिसऱ्या रात्री असा वेग आला की भर पावसात घाट उतरून त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. ते बरे झाले आणि पुढे आमच्याकडेच येत राहिले, हा त्यांचा मोठेपणा. कफप्रधान व्याधी, वर्षा ऋतू आणि आनूप देश हे तिन्ही एकत्र आणण्याचे श्रेय मात्र सर्वस्वी आमचे होते. पदवी परीक्षेच्या विद्यार्थ्यानेही ही चूक केली नसती. तेव्हापासून हा प्रश्न आम्ही औषधयोजनेइतकाच गांभीर्याने घेतो, आणि वैद्यबंधू-भगिनींनीही तो तसाच घ्यावा यासाठी हा लेखनप्रपंच.

जांगल देश वातप्रधान, आनूप देश कफप्रधान आणि साधारण देश समदोष, हे वाग्भटाचे विभाजन सर्वांस मुखोद्गत आहे. ते आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर मात्र आपण क्वचितच मांडून पाहतो. पश्चिमेकडील गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी हा पट्टा पावसाळ्यात निखळ आनूप असतो. कोल्हापूर शहरात पडतो त्याच्या कित्येक पट पाऊस गगनबावड्यास पडतो. पूर्वेकडे हातकणंगल्याकडे जाऊ लागले की मुलूख उघडा आणि कोरडा होत जातो. म्हणजे आपल्या जिल्ह्यात एस.टी.च्या दोन तासांच्या प्रवासात देश बदलतो. ही सोय फार थोड्या ठिकाणच्या वैद्यांना लाभली असेल. शिवाय तोच पश्चिमेचा पट्टा मार्गशीर्ष-पौषात कोरडा, लख्ख उन्हाचा व थंड असतो. स्थळ तेच, पण काल बदलला की त्याचा गुणही बदलतो. म्हणून तळे निवडण्याआधी महिना निवडावा, असे आता आम्ही रुग्णांस सांगतो.

तळ्याविषयीही एक गोष्ट प्रथम स्पष्ट केली पाहिजे. सुश्रुताने जलवर्गात सारस आणि ताडाग असे दोन भेद स्वतंत्र मानले आहेत. नैसर्गिक सरोवराचे पाणी तृष्णाघ्न, बल्य, मधुर-कषाय व लघु. बांधलेल्या तळ्याचे पाणी स्वादु-कषाय खरे, परंतु वातल आणि विपाकी कटु. आता आपल्या सह्याद्रीत पाहावे. हिमालयाप्रमाणे हिमनद्यांनी कोरलेली सरोवरे येथे नाहीत. आपण ज्यांना डोंगरातील रम्य सरोवरे म्हणतो ती बहुतेक सर्व मनुष्याने बांध घालून निर्माण केलेली आहेत. महाबळेश्वरचे वेण्णा तळे १८४२ मध्ये साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधविले. कासचे तळे सातारा शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहे. बामणोली-तापोळ्याचा शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. म्हणजे आपली निवड सदैव तडागांतूनच व्हायची. वातप्रकृतीच्या मनुष्याने तेथील पाणी उकळून, किंचित सुंठ घालून घ्यावे. सकाळी उकळलेले पाणी रात्री पिऊ नये, हा नियम बाटलीबंद सवयीच्या या काळात सांगितला की रुग्ण हसतात, पण पाळतात.

सुश्रुताने सह्याद्रीतून उगम पावणाऱ्या नद्यांचे पाणी कुष्ठजनक म्हटले आहे, याचाही उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे होईल. पंचगंगेच्या काठी व्यवसाय करणाऱ्या आम्हास हे वाचून नेहमीच थोडे वाईट वाटते. तथापि हिमालयातून निघणाऱ्या नद्यांच्या पदरी तर त्याने हृद्रोग, शोथ, शिरोरोग, श्लीपद आणि गलगंड इतके सारे घातले आहे. तेव्हा आपण थोडक्यात सुटलो असेच म्हणावयाचे.

आता ऋतूनुसार विचार करू. ग्रीष्मात वेण्णा तळ्याची निवड उत्तम. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर आहे आणि इंग्रजांनी १८२८ च्या सुमारास, माल्कमच्या कारकीर्दीत, ते वसविले तेच मुळी आजारी लोकांच्या विश्रांतीसाठी. पित्तप्रकृतीच्या, उन्हाने श्रांत झालेल्या मनुष्याला तेथे आठ दिवस मानवतात. मात्र तेच तळे हेमंत-शिशिरात संधिवाताच्या वृद्धांसाठी सुचवू नये. त्या दिवसांत तळ्याच्या परिसरात पहाटे हिमकण गोठल्याच्या वार्ता वृत्तपत्रे मोठ्या कौतुकाने छापतात, आणि त्या वाचूनच लोक जातात. भाद्रपद-आश्विनात कासचे पठार फुलांनी भरते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील एकोणचाळीस स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत कास आहे. पण त्या दिवसांतील गर्दीस विश्रांती म्हणणे कठीण. अर्धा दिवस जाऊन परत यावे, इतकेच.

वर्षा ऋतूत तळेच नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. या ऋतूत नदीचे पाणी, दिवास्वप्न, अतिव्यायाम वर्ज्य सांगितले आहेत, आणि पावसाच्या नवोदकात स्नान करणाऱ्यास किंवा ते पिणाऱ्यास बाह्य व आभ्यंतर रोग होतात असे सुश्रुत म्हणतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची जी साथ आली, ती पाहिल्यावर या सूत्रावर निराळे भाष्य लिहिण्याची आवश्यकता उरत नाही.

शरद ऋतूची गोष्ट वेगळी. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवविलेले आणि अगस्त्योदयाने निर्विष झालेले ते हंसोदक. चरकाने ते स्नान, पान आणि अवगाहन या तिन्हींसाठी अमृतासमान मानले आहे. पाऊस थांबून गाळ तळाशी बसलेला, तळे काठोकाठ भरलेले आणि पाणी स्वच्छ, अशी अवस्था आपल्याकडे आश्विन-कार्तिकात येते. दीपावलीची सुट्टी नेमकी याच वेळी पडते हा सुयोगच म्हणावा. हे दिवस कोल्हापूरकरांनी कोठे घालवावे? आमचे उत्तर राधानगरीचा लक्ष्मी तलाव हे आहे.

यात स्थानाभिमान आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण कारणेही आहेत. कोल्हापुराहून हळदी, भोगावतीमार्गे पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता, म्हणजे वृद्ध व बालकांस प्रवासाचा शीण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास भोगावतीवर हे धरण बांधण्यास आरंभ केला, कन्येच्या नावाने राधानगरी वसविली आणि तलावास महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव दिले. महाराज १९२२ मध्ये निवर्तले तेव्हा काम अपूर्ण होते. पूर्ण होण्यास १९५० चे दशक उजाडले. सुमारे ८.३६ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाण्याची पातळी चढली की ते मनुष्याच्या हाताविना उघडतात. अभियंत्यांना त्याचे कौतुक वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच कारणाने पावसाळ्यात धरणाखालच्या पात्रात उतरून छायाचित्रे काढणे हा वेडेपणा आहे. पाणी पुरेसे ओसरलेल्या दिवसांत जलाशयात शाहूकालीन बेनझीर व्हिलाची वास्तू उघडी पडलेली दिसते. दाजीपूरकडे जाणारा रस्ता बराच वेळ पाण्याच्या कडेने जातो. त्या रस्त्याने सायंकाळी दोन-तीन किलोमीटर सावकाश चालणे हाच मधुमेही रुग्णासाठी आमचा व्यवस्थापत्रातील पहिला योग.

तलावाच्या पश्चिमेस दाजीपूरचे रान आहे. १९५८ मध्ये गव्यांसाठी घोषित झालेले हे अभयारण्य १९८५ मध्ये वाढवून राधानगरी अभयारण्य करण्यात आले. त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर असून वर उल्लेखिलेल्या जागतिक वारशात तेही आहे. पावसाळ्यात ते पर्यटकांसाठी बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी. जंगलात पायी फिरताना अंगभर कपडे घालावेत व परतल्यावर गोचीड लागलेली नाही ना, हे पाहावे. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीमार्फतच पसरतो. जंगलातून परतलेला रुग्ण तीव्र ज्वर घेऊन आला तर साध्या विषमज्वराच्या कल्पनेत वैद्याने रमू नये, रक्ततपासणीस पाठवावे.

पाण्याची परीक्षा कशी करावी? सुश्रुताने जळवांच्या अध्यायात सहा सविष व सहा निर्विष प्रकार सांगताना त्यांची उत्पत्तिस्थानेही दिली आहेत. कुजके, मलमूत्राने दूषित पाणी सविष जळवांचे. कमळे, कुमुदे आणि शैवाल असलेले निर्मळ पाणी निर्विष जळवांचे. म्हणजे तळ्याचे निदान त्यातील प्राण्यांवरून करण्याची दृष्टी आपल्याकडे होती. गढूळ पाणी निवळण्यासाठी निर्मळीचे बी, कमळकंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती अशी साधनेही त्यानेच सांगितली आहेत. निर्मळीने गढूळपणा जातो, जंतू सर्व जात नाहीत. त्यासाठी उकळणेच हवे.

हंसोदकाचे अवगाहन सांगितले आहे म्हणून धरणात पोहावे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. बांधलेल्या जलाशयाचा काठ एका पावलात खोल होतो, तळाशी गाळ आणि बुडालेली झाडे असतात. बाहूंनी नदी तरू नये, संशयास्पद नावेत चढू नये, असे वाग्भट दिनचर्येतच सांगून गेला आहे. जीवरक्षक जाकिटाशिवाय नावेत बसू नये हे त्याचेच आजचे भाषांतर. शरदात दव, दही, क्षार, पोटभर जेवण व दिवसाची झोप वर्ज्य. सायंकाळी चांदण्यात बसणे विहित. आमच्या मंडळींचा अनुभव असा की तळ्याकाठी चांदण्याचा नियम सर्वजण पाळतात आणि तांबड्या रश्श्याच्या बाबतीत सर्वजण ऋतुचर्या विसरतात. सुट्टीनंतरच्या पंधरवड्यात अम्लपित्ताचे रुग्ण का वाढतात, हे वेगळे सांगणे नको.

औषधालयांच्या मालकांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. या रानात हिरडा, बेहडा, जांभूळ, धायटी, शिकेकाई, गुळवेल पाहून आपला हात शिवशिवतो, हे आम्ही स्वानुभवाने जाणतो. पिशवीत एखादे मूळ टाकून आणण्यात काय मोठेसे, असे वाटते. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातून विनापरवाना काहीही उचलणे गुन्हा आहे, आणि कायद्याहूनही मोठे कारण नरक्याने दाखवून दिले आहे. या झाडातील कॅम्पटोथेसिन कर्करोगावरील औषधांसाठी उपयोगी ठरले आणि सह्याद्रीत त्याची बेसुमार तोड व तस्करी झाली. मूळ उपटले की पुढील वर्षीचे द्रव्य संपते. सुट्टीत रान पाहावे, वनस्पती ओळखाव्यात, मुलांना दाखवाव्यात. खरेदी मात्र लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांकडून किंवा परवानाधारक संकलकांकडून, पावतीसह करावी. पावती मागणारे ग्राहक वाढले तरच लागवड परवडेल, हा व्यवहार आपल्याच हातात आहे.

शिवाय हे पाणी परके नाही. लक्ष्मी तलावातून निघालेली भोगावती कासारी, कुंभी, तुळशी आणि गुप्त सरस्वतीसह पंचगंगा होते, आणि ती वाटेतील गावांची तहान भागवीत इचलकरंजीकडे जाते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची जी साथ पसरली, तिचे स्मरण आपल्यापैकी अनेकांना असेल. कामलेच्या किती रुग्णांसाठी आपण आरोग्यवर्धिनी आणि कुटकी लिहून दिली! कोल्हापूर शहरास २०२३ च्या दीपावलीपासून थेट नळाने मिळू लागलेले काळम्मावाडीचे पाणीही याच डोंगरांतील आहे. सहलीत काठावर टाकलेली पत्रावळ, बाटली व उष्टे अन्न पुढच्या पावसात कोठे जाते, हे वैद्याने कोणास समजावून सांगावे लागू नये. जलाभिमुख मलमूत्रविसर्ग चरकाने सद्वृत्तात निषिद्ध सांगितला आहे. आम्ही सहलीच्या सूचनापत्रात तो नियम पहिल्या ओळीत घालतो आणि मुक्कामी शौचालयाची सोय आहे की नाही, हे आगाऊ आरक्षण करतानाच विचारतो.

ज्यांना दाजीपुरात मुक्कामाची जागा मिळणार नाही त्यांनी तुळशी जलाशयाचा काठ पाहावा, अथवा आंबा घाटाजवळील मानोलीचे लहान तळे. तेथे सकाळी धुके उतरेपर्यंत श्वासाच्या रुग्णांनी खोलीतच थांबावे. सोबत सितोपलादी, सुंठ, शंखवटी, जखमेसाठी जात्यादी तेल आणि रुग्णाची नेहमीची आधुनिक औषधे, विशेषतः श्वासाचा फवारा, न विसरता घ्यावीत.