फॉरमॅट मारण्याआधी बायोस बघा

सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरणं नवं नाही. २२ जुलै २०२१च्या पुरात तर तळमजलेच्या तळमजले पाण्याखाली गेले. अशा गावात संगणक बदलायची वेळ लवकर येते आणि जुन्यातली डिस्क नव्यात बसवून हिशोब वाचवण्याची धडपड होते. भिजलेल्या डिस्कला वीज देऊ नये, ती जाणकाराकडेच द्यावी. पण कोरडी, धडधाकट डिस्क बसवूनही पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ उमटतं, आणि निकाल लगेच लागतो: डिस्क गेली, फॉरमॅट मारा. हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो. डिस्क शाबूत असते. तिच्यावरची विभागणी आणि यंत्राची सुरू होण्याची रीत यांचा मेळ बसलेला नसतो, एवढंच.

डिस्कचे भाग कुठे सुरू होतात, कुठे संपतात, याची नोंद डिस्कवरच असते. १९८३पासून चालत आलेल्या एमबीआर पद्धतीत ती पहिल्या ५१२ बाइटांत मावते. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या सूचनांचे, ६४ चार भागांच्या नोंदीचे आणि शेवटचे दोन ओळखखुणेचे. सुमारे दोन टेराबाइटपलीकडची जागा या नोंदीत बसत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोजवर १२८ भाग करता येतात आणि नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. एमबीआरवरचं विंडोज जुन्या ‘लेगसी’ रीतीने सुरू होतं, जीपीटीवरचं ‘यूईएफआय’ रीतीने. अनेक नव्या यंत्रांतून लेगसीची सोयच काढून टाकली आहे, म्हणून जुनी डिस्क तिथे मुकी राहते. काही जुन्या यंत्रांत उलटं घडतं: बोर्डावरचा बटणासारखा सेल संपतो, बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रणालीची, सेटिंग मूळपदावर जातात, यूईएफआयचं लेगसी होतं आणि कालपर्यंत चालणारा संगणक अडतो. सात-बारा वाचता आला नाही म्हणून शेत नाहीसं होत नाही. फाइलींचंही तसंच आहे. डिस्क यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला लावा. फोल्डर उघडले, तर ती जिवंत आहे याला आणखी पुरावा कशाला हवा?

फॉरमॅट स्वस्त आणि झटपट, असं म्हटलं जातं. विंडोज तासाभरात परत बसतं हे खरं, पण त्याच डिस्कवरची बिलं आणि फोटो परत बसत नाहीत. इन्स्टॉलेशनच्या वेळी ‘ही डिस्क एमबीआर आहे’ अशी सूचना आली की सगळे पार्टिशन पुसण्याचा मोह होतो. नुकसान होतं ते तिथेच. विंडोज १०मध्ये २०१७ साली आलेलं ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन फाइली न पुसता पद्धत बदलतं. मात्र आधी प्रत काढायलाच हवी, आणि मुख्य पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर ते नकार देतं.

सामान्य माणसाने बायोसला हात लावू नये, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. पोलादपूरच्या घाटाकडच्या वाडीतून संगणक महाडला नेणं म्हणजे दिवसाची खोटी. आधीच्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढला, तर लेगसी-यूईएफआयचा बदल मागे घेता येतो. डिस्क कुलूपबंद ठेवणारा विंडोजचा बिटलॉकर चालू असेल तर सेटिंग बदलल्यावर तो रिकव्हरी की मागू शकतो, म्हणून ती आधी हाताशी ठेवावी. मात्र बायोसमध्ये डिस्कचं नावच दिसत नसेल आणि वायर, जोडणी तपासूनही फरक पडत नसेल, किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर बिघाड डिस्कमध्येच असण्याची शक्यता मोठी. तेव्हा पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये.