घुशीने पोखरलेला बांध

मे महिन्यात खर्च करून बांध घालून घ्यावा आणि ऐन श्रावणात एका सकाळी पाहावं तो खाचरातलं पाणी रातोरात नाहीसं! बांधाला भोक, तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग. कोकणात भातशेती असलेल्या कुठल्या घरी हा अनुभव नाही? आणि पुरुषमाणसं मुंबईला नोकरीत, तेव्हा निस्तरायचं ते आपणच.

चिचुंद्रीला वास येतो म्हणून दिसेल तिथे झोडपतात. बिचारी मुख्यतः किडे खाते. खरी चोर घूस! भात पोटरीला आलं की ती ताटं बुडाशी कापते, पुढे लोंब्या ओढून बिळात साठवते. मादी तीनेक आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं. म्हणून लोंब्या आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो, लावणी आटोपली की लगेच मागे लागावं.

बांध अरुंद ठेवावेत, गवत वाढू देऊ नये. संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने लिंपायची. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच नांदती. आमिष तिथेच घालायचं. घूस मोठी संशयी, म्हणून दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवावा. चटावली, की मग 48 भाग भरडा, 1 भाग गोडंतेल आणि 1 भाग झिंक फॉस्फाइड. काठीने कालवावं, हात लावू नये. थोडंसं खाऊन वाचलेली घूस पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही, तेव्हा उगाच लागोपाठ घालू नका. या विषावर उतारा नाही हे मात्र विसरू नका. उरलेलं आमिष आणि मेलेल्या घुशी खोल पुराव्यात. घरात रांगतं मूल किंवा मोकळी कोंबडी-कुत्री असतील तर मी म्हणेन, सापळेच बरे. आणि धामण दिसली तर मारू नका हो! शाळेत मी मुलांना पहिली धामणच ओळखायला शिकवते. ती बिनविषारी, उंदीर खाऊन जगणारी.

भात गेलं तर एका वर्षाचं जातं. लेप्टोचं तसं नाही. घुशी-उंदरांच्या लघवीतले जंतू खाचराच्या पाण्यात येतात आणि चिखल्यांतून, भेगांतून अंगात शिरतात. लावणीत चिखल्या कुणाला चुकल्यात? पायाला जखम असेल तर गमबूट घालावेत, ते लाजिरवाणं नाही. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, असं काही दिसलं तर काढा पिऊन पडून राहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि 'खाचरात काम केलंय' हे आपणहून सांगा. उशीर झाला तर काविळीवर आणि मूत्रपिंडावर जातं.

रानडुकरांसाठी कुंपणाला जुनी रंगीत लुगडी बांधतात, डबे वाजवतात. चार दिवस उपयोग होतो, मग ती सरावतात. राखणीला पर्याय नाही. कुणी तारेत वीज सोडायचं सुचवलं तर साफ नाही म्हणा. तो गुन्हा आहे आणि पहाटे बांधावरून जाणारी माणसं त्यात मेलेली आहेत. डुकरांनी, वानरांनी नासधूस केली तर वाफे साफ करण्याआधी फोटो काढावेत, सात-बाराचा उतारा जोडून वनखात्याकडे लगेच अर्ज द्यावा आणि पंचनामा होईपर्यंत शेताला हात लावू नये.