मागाहून बसणारीचे पान

शब्दांची उठाठेव हा माझा पोटापाण्याचा उद्योग. 'प्रोटीन' हा शब्द १८३८ मध्ये प्रचारात आला, तो 'पहिल्या मानाचे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपले 'प्रथिन'ही 'प्रथम'च्याच गोतातले वाटते. पण घरोघरची पंगत पाहा! ज्याच्या नावातच पहिला मान, ते गृहिणीच्या पानात सर्वांत शेवटी येते. तेही उरले तर. उसळीतली मटकी मुले वेचतात, घट्ट दही यजमानांच्या वाटीत पडते आणि मागाहून बसणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा, ताक नि सकाळची पोळी.

चाळिशीपर्यंत हा व्यवहार कसाबसा निभावतो. पुढे मात्र शरीर हिशेब मागू लागते. आपल्याकडे स्त्रीची पाळी साधारणपणे सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओसरले की पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने झिजतात, स्नायूही उतरू लागतात. अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, उगाच चिडचिड होणे, हे सारे त्याच वेळचे पाहुणे. आमच्या प्राध्यापिकांच्या खोलीत हल्ली पंख्यावरून रोज लढाई जुंपते. मीही सत्तेचाळीसची, तेव्हा माझे मत कोणत्या बाजूला, हे सांगायला नको!

भगिनींनो, एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. प्रथिने खाल्ल्याने वाफा थांबत नाहीत. त्या फार छळू लागल्या तर डॉक्टरांकडे जावे. संप्रेरकांचे उपचार आहेत. ते कोणाला द्यावेत नि कोणाला नाही, हे त्यांनीच ठरवायचे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर संकोच न करता लगेच तपासून घ्यावे.

प्रथिनांचे काम निराळे. स्नायू आणि हाडे टिकवायला ती लागतात. माझी आई जन्मभर शेवटी जेवली. अडुसष्टाव्या वर्षी न्हाणीघरात तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. सारा दोष पानाला देणार नाही. पण तेव्हा हाती धरलेले तिचे काडीसारखे मनगट मला विसरता येत नाही.

आता जमाखर्च मांडू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये दिलेले प्रमाण वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. चार पोळ्या, थोडा भात, पातळ वरण, भाजी आणि दोन कप चहा मिळून जेमतेम २५ भरतात. ३० ग्रॅम मटकीची उसळ केली तर त्यात ७ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७, पेलाभर दुधात किंवा तेवढ्याच दह्यात ६. चालत असेल तर एका अंड्यात आणखी ६. धान्यात जे उणे, ते डाळीत असते. म्हणून पिठले-भाकरीची जोडी नामी. साबुदाणा मात्र प्रथिनांच्या बाबतीत जवळजवळ कोरा. खिचडीत काय ते दाण्याचे कूटच कामाचे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी विचारल्याविना प्रमाण वाढवू नये. आणि नुसते खाऊन भागत नाही. रोजच्या चालण्याला थोडे वजन उचलण्याच्या व्यायामाची जोड हवीच.

यंदा पाडव्याची ओवाळणी मी आधीच सांगून ठेवली आहे. साडी नको, दागिना नको. सर्वांच्या पंक्तीला माझे पान मांडावे, आणि उसळ वाढायला दुसऱ्या कोणी तरी उठावे!